चुकू द्यावं

६ एप्रिल

आधी माफी मागते. हे गेल्यानंतर ही वही मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि तिच्याकडे बघायचंसुद्धा टाळलं. रोज लिहिणाऱ्या बाईने असं अचानक गप्प होणं बरं नाही. पण जे लिहायला हवं होतं ते लिहवत नव्हतं, आणि बाकीचं लिहिण्याच्या लायकीचं नव्हतं. आज मात्र हात शिवशिवतोय.

पोचले! गाडी डोंगर चढत होती तेव्हा खाली केळीच्या बागा, मग कॉफीची झुडपं, मग नुसतं नेच्यांचं रान, आणि त्याच्याही वर, कुणीतरी वाळत घालून विसरल्यासारखं हे गाव. नगरपालिका म्हणायची, पण एका धारेवर पसरलेली पत्र्याची छपरं, एक बाजाररस्ता, एक शाळा, दवाखाना आणि ओढ्यावरचा दगडी पूल, एवढाच पसारा. भिंतीभिंतीवर हिरवं शेवाळ. हवा अशी की फुप्फुसं धुऊन वाळत घातल्यासारखी वाटतात.

काम माझ्या हातचं आहे. नगरपालिकेचा परिचय लिहायचा: भूगोल, पाणी, रस्ते, उद्योग, शाळा. छापखान्यात इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. छापखाना बंद पडला, तेव्हा चुका काढायची खोड तेवढी उरली. मुख्याधिकारी हसरे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, बाई, काय लिहायचं ते लिहा, फक्त इथे कुणाला दुरुस्त करायला जाऊ नका, विशेषतः दुपारी, धुक्यात. मीही हसले. नव्या माणसाची थट्टा करायची पद्धत सगळीकडे असते.

घर शाळेच्या वरच्या चढावर आहे. खाली मालकीणबाई आणि त्यांचे यजमान राहतात. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. वर माझ्या दोन खोल्या. दुसरी माझ्या लेकीची, भिंगरीची. तिची परीक्षा संपली की दादा तिला गाडीत बसवून देईल. सोळा वर्षांची झाली तरी एका जागी बसेल तर शपथ. खिडकीतून आख्खी दरी दिसते हे तिला अजून सांगितलेलं नाही. येईल तेव्हा बघेलच.

८ एप्रिल

कचेरीत दोन दिवस बसले. डोकं चक्रावलंय.

बाजारातल्या पाटीवर दवाखान्याचा बाण थेट कड्याकडे दाखवतो. सगळ्यांना माहीत आहे की दवाखाना उलट बाजूला आहे, पण पाटी तशीच. कचेरीतलं कॅलेंडर जानेवारीवर थांबलंय. मागच्या परिचयात गावात तळं असल्याचं छापलंय. तळं कुठाय म्हणून विचारलं तर कारकून म्हणाला, असेल की. प्रभाग किती म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, सहा. कारकून म्हणाला, चार. दोघं एकमेकांसमोर उभे होते. दोघांनीही मान डोलावली आणि चहा प्यायला गेले. भांडण नाही, अरे नाही, कारे नाही.

मला आधी हा ढिलेपणा वाटला. मग वाटलं, मीच खडूस. माणसं एकमेकांच्या चुका पोटात घालतात, यात वाईट काय? तरी जाता जाता कॅलेंडरची पानं फाडून एप्रिल वर आणला. कारकून इतका दचकला की त्याच्या बशीतला चहा सांडला.

इथली एक गोष्ट मात्र परिचयात घालायचीच. दुपारची जेवणं उरकून भांडी विसळून होतात तोवर धुकं उतरतं, इतकं दाट की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येकाने तोंड चालू ठेवायचं, म्हणजे टक्कर होत नाही. कुणी पाढे म्हणतो, कुणी बाजाराची यादी. एक बाई सासूचा उद्धार करत चालली होती, आणि धुकं विरळ झालं तर सासू तिच्या पुढेच! सासू म्हणाली, ऐकलं हं सगळं, भाजीत मीठ जास्त असतं तेवढं सांगायचं राहिलं. भर रस्त्यात सगळे हसले. मीही. कितीतरी दिवसांनी.

११ एप्रिल

आज पुलावर असताना धुक्यात सापडले. मी आपली भिंगरीसाठी आणायच्या वस्तू मोठ्याने म्हणत होते. तेवढ्यात कठड्यापलीकडून कुणीतरी बोलताना ऐकू आलं. घसा बसलेल्या माणसाचा आवाज, बाईचा की पुरुषाचा ते कळेना. धडा म्हणावा तसं चाललं होतं: ही नगरपालिका दोन नद्यांच्या संगमावर वसलेली आहे.

मला राहवलं नाही. म्हटलं, नदी नव्हे हो, ओढा, आणि तोही एकच. आवाज थांबला. मग अगदी समाधानाने म्हणाला, ओढा. एकच. पुढे म्हणाला, लोक ऊस पिकवतात. मी म्हटलं, कॉफी. असं बरंच चाललं. मजा आली. वाटलं, कुणी जुना जाणकार असेल, माझ्या कामाला येईल. शेवटी तो आवाज म्हणाला, नगरपालिकेत नवी आलेली बाई तिशीतली आहे. मी हसून म्हटलं, आभारी आहे, पण चाळिशी उलटली.

धुकं गेलं तेव्हा कठड्यापलीकडे पाहिलं. उभं राहायला जागाच नाही. खाली सरळ दरी.

आवाज घुमतात डोंगरात. पलीकडच्या वाटेवरून आला असेल.

१३ एप्रिल

मास्तरांना विस्मरण झालंय असं दिसतं. दिवसभर गॅलरीत आरामखुर्चीत बसतात. मला पोस्टमन म्हणतात. दुधाला ताक म्हणतात, स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतात. मालकीणबाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. मला पोस्टमन म्हटल्यावर त्या म्हणाल्या, हो, पत्र नाही आज. त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक वाटलं. तसं बोलूनही दाखवलं.

बोलता बोलता पुलावरची गंमत सांगितली. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. मी काय काय दुरुस्त केलं ते त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ताई, धुक्यात कुणाचं चुकलं तर चुकू द्यावं. घरी माणूस आहे ना तुमचं? मग जिभेला आवर घाला. तव्यावरची पोळी करपली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मी खोलीत येऊन हसायचा प्रयत्न केला. शिकलेली बाई मी. तरी भिंगरीच्या खोलीतला पलंग उगाचच दोनदा हलवला.

१६ एप्रिल

मी धुक्यात जाणार नव्हते. कचेरीतून निघायला उशीर झाला, एवढंच. स्वतःशी खोटं कशाला बोलू? लवकर निघता आलं असतं. मला ऐकायचं होतं.

आता तो आवाज गावाबद्दल बोलतच नाही. म्हणाला, बाई विधवा आहे. बरोबर. म्हणाला, तिला एक मुलगा आहे. मी ओठ दाबले. म्हणाला, मुलगा वर्गात नापास झाला. मुलगा दांडगट आहे. मुलगा आईला विचारत नाही. आणि मी म्हणून गेले, मुलगी! मुलगी आहे, आणि गुणाची आहे!

मुलगी, आवाज म्हणाला. गुणाची. ओढा म्हणाला होता तसाच, समाधानाने.

मी धावत सुटले, पाढेही म्हटले नाहीत. कुणाला तरी धडकले, त्याने शिव्या घातल्या, त्या शिव्या इतक्या गोड लागल्या!

मला मूल आहे हे त्याला सांगितलं कुणी? मीच. बाजाराची यादी म्हणत होते ना, भिंगरीसाठी हे, भिंगरीसाठी ते. मीच सगळं घातलंय त्याच्या तोंडात. आणि आता चूक काढायची नाही म्हटलं की माझ्या तोंडाला खाज सुटते. हे दुखणं आहे की सवय?

१८ एप्रिल

कचेरीत बसूनही ऐकू आला. खिडकीबाहेर धुकं, आणि त्यात तो. घसा बसलेला नव्हता. आवाज माझा होता. माझा, जसा टेपवर ऐकल्यावर आपला आवाज परका वाटतो, तसा. म्हणाला, माझी मुलगी अठरा वर्षांची आहे, तिला गोड आवडत नाही, ती रविवारी येणार.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मान मात्र हलली. नाही, नाही अशी. त्याला दिसलं असेल का?

मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी खिडकी लावली. म्हणाले, बाई, पहिल्या दिवशी मी काय बजावलं होतं? सगळ्यांनाच बजावतो. सगळेच हसतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, मुलीला येऊ देऊ नका.

गावात मोबाईलला रेंज नाही. कचेरीतल्या फोनवरून दादाला लावला. म्हटलं, भिंगरीला पाठवू नकोस, मीच परत येतेय. दादा म्हणाला, अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? काल तूच फोन करून सांगितलंस की दोन दिवस आधीच पाठव. आत्ताच बसवून आलो तिला. मी म्हटलं, मी फोन केला नाही रे. तो हसला. म्हणाला, आता तुझा आवाज मला ओळखू येणार नाही होय? तेवढी भांडलीस माझ्याशी, मी तारीख चुकीची म्हटली तर दुरुस्त केलीस.

गाडी उद्या दुपारी पोचते. धुक्यात.

१९ एप्रिल

सापडली! देवा, सापडली. आधी तेवढं लिहिते.

सकाळपासून स्टँडवर बसून होते. धुकं उतरलं, मागून गाडी आली. सगळे उतरले. ती नाही. कंडक्टर म्हणाला, ती मुलगी ना, ती पुलाच्या वळणावर उतरली, तिची आईच उभी होती तिथे, हाका मारत होती. मी म्हटलं, मी तिची आई. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, हो, तुम्हीच तर होतात.

कशी पळाले माहीत नाही. एक चप्पल कुठे पडली माहीत नाही. पुलाच्या मध्यभागी, बॅगेवर, गुडघे जवळ घेऊन बसली होती. ओलीचिंब. एकटी. मिठी मारली तर अंग गार लागलं. म्हणाली, आई, किती उशीर केलास.

आता आत झोपलीय. सरळ, उताणी, न हलता.

भिंगरी. न हलता.

२० एप्रिल

दमली असेल. मी वेड्यासारखं काहीतरी शोधतेय.

चहात साखर नको म्हणाली. ती दोन चमचे घेते. वजनाचं खूळ असेल, या वयात मुलींना असतं. खिडकीतून दरी दाखवली, छान आहे म्हणाली आणि बसून राहिली. मग म्हणाली, काकांनी गाडीत बसवलं. मी म्हटलं, मामांनी गं. ती हसली. मामांनी, म्हणाली.

समाधानाने.

काका नाहीतच तिला. हे एकुलते एक होते.

दुपारी ती माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. बाहेर धुकं. पुलाच्या बाजूने हाक आली. आई! आई, मी पुलावर आहे! तू म्हणालीस थांब, मी थांबलेय! आणि मग चिडून, तिच्या त्या नाकातल्या आवाजात, आई, चेष्टा पुरे हं आता!

समोरची मटार सोलत राहिली. मान वर केली नाही.

२१ एप्रिल

पुलावर गेले. हाक पुढे सरकते. कड्यापर्यंत गेले. तिथून पुढे जमीन नाही.

मालकीणबाईंनी मला परत आणलं. स्वयंपाकघरात बसवून, दार लावून सांगितलं. मास्तर गावभराच्या चुका काढायचे. धुक्यातल्याच्याही काढल्या. एका दुपारी घरी आले. तोच माणूस, त्याच चपला, फक्त चहाचा कप डाव्या हातात धरला. या सांगणार होत्या, अहो, उजव्या हाताने. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून त्या हो म्हणतात. तो ताक म्हणाला तर ताक. त्याचं चुकतंय तोवर तो पुरा होत नाही, आणि तो पुरा होत नाही तोवर खरे मास्तर बाहेर आहेत. दुपारी हाक मारतात. मी ऐकते, म्हणाल्या, तेवढाच आमचा संसार.

मी विचारलं, आणि कुणी सगळं दुरुस्त करून दिलं तर? त्या म्हणाल्या, बेकरीवाल्याने दिलं. बायकोला सगळ्याची आठवण करून दिली बिचाऱ्याने, आजारी आहे समजून. बाहेरची हाक बंद झाली. आता दोघं सुखात आहेत. त्या सुखाकडे बघवत नाही हो.

मी विचारलं, उलटं करून बघितलंत कधी? त्याला मुद्दाम चुकीचं शिकवून? पुरा होतो तसा उणाही होईल.

त्यांनी दाराची कडी पुन्हा चाचपली. मग म्हणाल्या, माझी छाती नाही झाली.

२२ एप्रिल

सुरुवात केली.

मी खोटं बोलत नाही कधी. छपाईतसुद्धा एक स्वल्पविराम चुकला तर झोप लागत नसे. आज सकाळपासून नुसतं खोटं बोलतेय. भिंगरी पावसाळ्यात जन्मली. तिला सांगितलं, उन्हाळ्यात. ती पोहायला घाबरते. सांगितलं, मासोळी आहेस तू. मामाला पुन्हा काका केलं. ती ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विरघळल्यासारखं वाटलं. हनुवटीवरचा तीळ फिका झाला. खरंच झाला.

दुपारी हाक शाळेच्या बाजूने आली. जवळून!

२३ एप्रिल

कुंपणापाशी. मी आतून म्हटलं, भिंगरे, येतेय मी, थांब. ती म्हणाली, लवकर कर गं, पाय दुखले.

आणखी शिकवलं. जेवढं आठवलं तेवढं सगळं उलटं. शाळा, मैत्रिणी, ताप आला होता ते वर्ष, आवडता रंग. समोरची हसते. आता तिचा आवाज घसा बसल्यासारखा येतो.

जिंकतेय मी—

२४ एप्रिल

रंग. निळा सांगितला की निळा खरा होता?

पावसाळ्यात जन्मली असं वर लिहिलंय. ते खरं लिहिलं, की तिला सांगायचं होतं ते लिहिलं? दवाखान्याबाहेर छत्र्या आठवतात. छत्र्या उन्हाळ्यातही असतात. हे असते तर—

चहा दिला. साखर घातली नाही. ती म्हणाली, आई, दोन चमचे. मी म्हटलं, हो की, विसरलेच. साखर घातली.  तिने मला दुरुस्त केलं. मी आभार मानले.

२५ एप्रिल

दिवसभर ती मला सुधारतेय. आई, मी अठराची नाही, सोळाची. आई, काका नाहीत आपल्याला. मऊपणाने सांगते, आजारी माणसाला सांगावं तसं. तीळ ठसठशीत. झोपेत सारखी कूस बदलते, पांघरूण खाली पडतं. माझी मुलगी अशीच—

आणि बाहेरची म्हणाली, आई, मी उन्हाळ्यातली ना? मासोळी ना मी?

माझी सगळी खोटी वाक्यं बाहेर. सगळी खरी आत.

किंवा पहिल्यापासून हीच खरी होती, आणि मी माझ्याच लेकीला— नाही. कंडक्टरने पाहिलं होतं. पाहिलं होतं ना?

मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं नाही. आतून मास्तर म्हणाले, पोस्टमन आला. त्या म्हणाल्या, हो.

२६ एप्रिल

दोघी रडतायत. एक आत, एक बाहेर. सारख्याच.

दुपार आहे. ती आतल्या खोलीत बॅग भरतेय. म्हणते, आई, आपण इथून जाऊ या, तुला बरं नाही. आपण म्हणते. बाहेरची दाराची कडी हलवतेय. आई, उघड. आवाज बसलाय तिचा. थंडीने बसला असेल. असूही शकेल.

एक गोष्ट उरलीय. एकच. कुणाला सांगितली नाही, आत नाही, बाहेर नाही, धुक्यात नाही, या वहीत नाही. फक्त आम्हा दोघींची. ती खोटी केलेली नाही, म्हणून ती अजून मला नीट आठवते. जी बरोबर सांगेल ती माझी. मग कड्यापर्यंत जावं लागलं तरी चालेल, हात सोडणार नाही.

उद्याचं काम: धुकं उतरायच्या आत हिला घेऊन पुलावर जायचं, बाहेरचीला तिथे बोलवायचं, आणि दोघींना विचारायचं, बाबा गेले त्या सकाळी आपण दोघी दवाखान्याच्या गच्चीवर बसून काय—

सकाळी नव्हे गं आई, संध्याकाळी, असं माझ्या खांद्यावरून वाकून ती